बिनभांडवली दुकानाचा हिशेब

बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो. नाशिककर त्याला गंगेवरचा बाजार म्हणतात. गोदावरीला गोदावरी म्हणायचं ते पत्त्यात आणि पुस्तकात. तिथे गोणपाट अंथरून बसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांजवळ सकाळी स्वतःचा पैसा नसतो. माल घाऊकवाल्याकडून उधारीवर उचललेला असतो, तो विकून संध्याकाळी त्याचे पैसे चुकते करायचे आणि उरेल ते घरी न्यायचं. उधारी मिळाली नाही, तर सकाळी नऊशे देऊन संध्याकाळी हजार मोजून घेणारा कुणीतरी प्रत्येक बाजारात असतोच. तेव्हा बिनभांडवली धंदा ही मोबाइलने आणलेली नवलाई नव्हे. या धंद्यालाही भांडवल लागतच होतं. ते दुसऱ्याचं होतं, आणि त्याचं भाडं रोज दिवेलागणीला द्यावं लागत होतं.

हे आठवायचं कारण, ‘शून्य गुंतवणुकीत ऑनलाइन व्यवसाय’ हे शब्द आता कॉलेज रोडच्या चहाच्या टपरीपासून सिडकोतल्या भिशीपर्यंत सगळीकडे ऐकू येतात. त्यात सगळंच खोटं नाही आणि सगळंच खरंही नाही. नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांत अशा धंद्यांचं जे रूप दिसतं, त्यावरून माझं एक मत झालं आहे. ऑनलाइन दुकानाला पैसा लागतोच. फक्त तो दारात लागत नाही, आत गेल्यावर लागतो, आणि आत गेलेला माणूस तोवर नोकरी सोडून बसलेला असतो.

जे खरोखर फुकट झालं, ते आधी मान्य करू. २०१६ साल त्या दृष्टीने मोठं. त्याच वर्षी यूपीआय सुरू झालं, सप्टेंबरात जिओ आलं आणि इंटरनेटचा दर कोसळला, नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि भाजीवालीच्या टोपलीतही क्यूआर कोड आला. २०१८मध्ये व्हॉट्सअॅप बिझनेस आलं. त्यात मालाची यादी फोटो आणि किमतीसह लावता येते, तीही फुकट. मेन रोडला किंवा एम. जी. रोडला गाळा घ्यायचा तर डिपॉझिट, फर्निचर, विजेचं बिल, एक पोऱ्या, आणि दिवाळीपर्यंत तग धरण्याची ताकद लागते. यातलं सगळं टळलं. शिवाय घराबाहेर पडायला जिला दहा जणांची परवानगी लागायची, तिला कुणाला न विचारता विक्री सुरू करता आली. हा फायदा कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. मला तो सगळ्यांत मोठा वाटतो.

या वाटेने सर्वाधिक बायका आल्या त्या रिसेलिंगमधून. २०१५मध्ये विदित आत्रेय आणि संजीव बर्नवाल यांनी सुरू केलेल्या मीशोने सुरुवातीला हीच कल्पना उचलली. माल दुसऱ्याचा, पोचवणार दुसरा, तुम्ही फक्त फोटो आपल्या ग्रुपवर टाकायचे आणि किमतीत आपला वरकड मिळवायचा. कल्पना चोख होती. पण ज्या अॅपवरून ताई साडी दाखवते, तेच अॅप शेजारणीच्या मोबाइलमध्येही उतरतं. शेजारीण थेट मागवू लागली की ताईचा वरकड संपला. २०२१मध्ये मीशोने विक्रेत्यांचं कमिशन शून्यावर आणलं. तेव्हापासून कंपनीची कमाई मुख्यतः वाहतूक आणि जाहिरातींतून आहे. म्हणजे दुकानाचं भाडं माफ, पण पहिल्या रांगेत बसायचं तर वेगळे पैसे. मधल्या माणसाला काढून टाकणाऱ्या व्यवस्थेत मधला माणूस म्हणून शिरणं हा मुळातच अल्पायुषी धंदा आहे.

आता आकडे. नवख्याला इथेच ठेच लागते, म्हणून जरा थांबू. समजा, एक ड्रेस तुम्ही ३५० रुपयांना घेतला आणि ५००ला विकता. कुरिअर ६० आणि पॅकिंग १०. हातात ८० रुपये राहिले; कागदावर छान. दहा ऑर्डरी आल्या, सगळ्या कॅश ऑन डिलिव्हरी. सात पोचल्या, ५६० रुपये झाले. तीन परत आल्या. कुणी दार उघडलं नाही, कुणी म्हणालं मी मागवलंच नाही, कुणाला रंग आवडला नाही. परतलेल्या प्रत्येक पार्सलला जाताना ६०, येताना ६० आणि वाया गेलेलं पॅकिंग १०, म्हणजे १३० रुपये. तिघांचे ३९०. राहिले १७०. त्यातला एक ड्रेस डाग पडून किंवा टॅग तोडून आला, तर ३५० गेले आणि तुम्ही १८० रुपये घाट्यात. दहा ऑर्डरींचा आनंद, शंभर लोकांचे अंगठे, आणि गल्ला उणे. यात तुमची मजुरी धरलेली नाही, फोटो काढण्याचा वेळ धरलेला नाही, आणि जाहिरातीला एक रुपयाही घातलेला नाही.

शिवाय पैसा अडकतो. माल विकला गेला तरी रक्कम काही दिवसांनी खात्यात येते, घाऊकवाला मात्र पुढचा माल रोखीने देतो. त्यामुळे धंदा वाढला की नड वाढते. पाच ऑर्डरींना पुरणारे पैसे पन्नास ऑर्डरींना पुरत नाहीत. पुष्कळ ऑनलाइन दुकानं गिऱ्हाईक नसल्याने बंद पडत नाहीत. दिवाळीच्या तोंडावर गिऱ्हाईक एकदम आल्याने बंद पडतात. किराणा दुकानदाराच्या मुलाला हे शिकवावं लागत नाही. इंजिनीअरिंग केलेल्याला लागतं.

मग नाशिकच्या माणसाकडे असं काय आहे, जे सुरतेच्या घाऊक बाजारातून कुणालाही उचलता येणार नाही? द्राक्षं हे पहिलं उत्तर सुचतं. २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये ते करूनही झालं. ऐन हंगामात टाळेबंदी लागली, निर्यात अडखळली, बाजार समित्या बंद-चालू होत राहिल्या, आणि निफाड-दिंडोरीकडच्या शेतकऱ्यांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर थेट ऑर्डरी घेतल्या. सोसायटीने एकत्र यादी द्यायची, टेम्पो फाटकाशी उभा राहायचा, पैसे यूपीआयवर. फळं-भाज्या बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायची मोकळीक राज्य सरकारने २०१६मध्येच दिलेली होती, त्यामुळे कायद्याची आडकाठी नव्हती. वेबसाइट नाही, जाहिरात नाही, कमिशन नाही. बिनभांडवली ऑनलाइन व्यापाराचं इतकं शुद्ध उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

ते टिकलं मात्र फार थोड्यांचं. बाजार सुरळीत झाले, सोसायटीतली उत्साही मंडळी कामाला लागली, आणि पाच-पाच किलोंच्या पेट्यांसाठी पावणेदोनशे किलोमीटर टेम्पो पळवणं परवडेना. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सनेही त्या काळात भाजी-फळांच्या टोपल्या घरपोच केल्या. पण विलास शिंदे यांनी शेतकऱ्यांना जोडून उभ्या केलेल्या त्या कंपनीच्या पाठीशी पॅकहाउस, शीतगृह आणि कित्येक वर्षांची निर्यातीची शिस्त होती. एकट्या शेतकऱ्याचा फोन आणि सह्याद्रीचा फोन दिसायला सारखाच, पण नासक्या मालाचा फटका सोसायची ताकद एकाकडेच होती. म्हणून एकट्याने सुरुवात करायची तर ताज्या द्राक्षांपेक्षा बेदाणा बरा. तो कुरिअरने जातो, चार दिवस उशीर झाला तरी रडत नाही. नागलीचे पापड, कुरडया, काळा मसाला, चिवडा, सगळे त्याच जातीचे. कोंडाजी चिवड्याचं नाव गावोगाव झालं त्यात चवीचा वाटा मोठा, पण पुड्यात बांधून गाडीतून नेता येणारा पदार्थ असण्याचाही आहेच.

दुसरं उत्तर येवल्याची पैठणी, आणि ते जास्त गुंतागुंतीचं. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, येवल्यात घरोघरी माग आहेत, आणि विणकराच्या हातात फोनही आहे. तरी शोध घेतला तर पहिल्या पानावर दिसतात त्या बहुतेक यंत्रमागावरच्या नकला, नाव पैठणीच, किंमत दीड-दोन हजार. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. हातमागाची पैठणी ओळखायची तर पदर उलटून पाहायचा. उलट्या बाजूलाही मोर तसाच सफाईदार, लोंबते धागे नाहीत. नकलेत मागे धाग्यांचं जंजाळ असतं, नाहीतर ते कापलेले असतात. गिऱ्हाइकाने उलटून पाहिलंच नाही तर विणकराचे कित्येक आठवडे आणि यंत्राचे काही तास एकाच रांगेत उभे राहतात, आणि स्वस्त असतं ते खपतं.

यातून वाट काढणारे विणकर काय करतात? ते पदर उलटून दाखवतात. मागावर बसलेला हात, मागच्या बाजूचा मोर, रेशमाची लड, सगळं व्हिडिओ कॉलवर. टाळेबंदीत अनेकांनी अशी विक्री केली आणि नंतरही ती सोडली नाही. दहा हजारांच्या वरची साडी कुणी बटण दाबून घेत नाही. माणसाशी बोलून घेतं. म्हणजे यंत्रमागवाल्याची लढाई किमतीच्या यादीत आहे आणि विणकराची संभाषणात. त्याने मोठ्या बाजारपेठेच्या अॅपवर जाऊन सवलतीच्या स्पर्धेत उतरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय घरचा माग, स्वतःचं कसब आणि रेशीम उधारीवर देणारा व्यापारी, एवढं भांडवल त्याच्याकडे आधीपासून आहे. त्याला आपण ‘शून्य’ म्हणतो, कारण ते बँकेच्या फॉर्ममध्ये बसत नाही.

घरगुती खाद्यपदार्थांकडे वळायचं तर आधी कागद. अन्न विकणाऱ्या प्रत्येकाला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते; घरच्या ओट्यावरून डबा देणाऱ्या काकूंनाही. लहान उत्पादकाच्या साध्या नोंदणीचं शुल्क वर्षाला १०० रुपये आहे, अर्ज ऑनलाइन होतो, आणि मिळणारा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा. पाकीटबंद मालावर निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन हवा. इतकं करायला एक दिवस लागतो, पण शेकड्याने लोक करत नाहीत, आणि मग एखाद्या गिऱ्हाइकाचं पोट बिघडलं की बोलायला जागा राहत नाही. मी स्वतः एकदा ओळखीतून कुरडया मागवल्या होत्या. पाकिटावर ना तारीख, ना नाव. त्या निघाल्या उत्तम, पण पुन्हा मागवायच्या तर नंबर कुठे होता? गिऱ्हाईक गमावण्याची इतकी सोपी रीत दुसरी नाही.

जीएसटीविषयी मात्र गावगप्पा फार. ‘चाळीस लाखांपर्यंत काही लागत नाही’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या आत. पण वस्तू दुसऱ्या राज्यात पाठवल्या की चित्र बदलतं. नाशिकहून पुण्याला पार्सल गेलं तर नियम एक, सुरतेला गेलं तर दुसरा; परराज्यात करपात्र वस्तू विकायची तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. हस्तकला आणि हातमागाच्या ठरावीक वस्तूंना त्यात मर्यादेपर्यंत सवलत आहे, तीही अटींसह. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवरून विकायचं तर पूर्वी प्रत्येकालाच नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३पासून मर्यादेच्या आतल्या विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात, नोंदणीऐवजी एक नावनोंदणी क्रमांक घेऊन विकता येतं. नियम करणाऱ्यांनी दार उघडलं, पण महाराष्ट्राच्या सीमेवर उंबरठा ठेवला. घोटीच्या माणसाला मुंबई चालते, पेठ-सुरगाण्याच्या माणसाला हाकेवरचं गुजरात चालत नाही.

नोंदणी घेतली म्हणून आभाळ कोसळत नाही, हेही सांगायला हवं. मात्र दरमहा किंवा तिमाही विवरणपत्र भरावं लागतं, धंदा शून्य असला तरी, आणि चुकलं की विलंबशुल्क. बाजारपेठेची कंपनी नोंदणीकृत विक्रेत्याच्या रकमेतून अर्धा टक्का जीएसटीपोटी कापून ठेवते. जुलै २०२४पर्यंत ही कपात एक टक्का होती. ती रक्कम नंतर वळती करून घेता येते, पण तोवर तुमचाच पैसा तुमच्याकडे नसतो. नडीच्या गणितात हाही एक धागा.

ज्यांच्याकडे माल नाही, त्यांच्याकडे वेळ आणि हात आहेत. शिकवण्या, भाषांतर, डिझाइन, हिशेब लिहिणं, दुकानदारांची पानं सांभाळणं, ही खरी बिनमालाची कामं; परत येणारं पार्सल नाही, कुरिअर नाही. नाशिकमध्ये या वाटेचा आवाज कमी, पण पाया पक्का आहे. ईएसडीएस ही कंपनी पीयूष सोमाणी यांनी २००५मध्ये इथेच सुरू केली, स्वस्त डेटा आणि स्टार्टअप हे शब्द गावात यायच्या कितीतरी आधी. आज सातपूरच्या एमआयडीसीत तिचं डेटा सेंटर आहे. २०१५च्या कुंभमेळ्याच्या निमित्ताने नाशिकचेच रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ भरलं, त्यातून तरुण पोरं गर्दी, पार्किंग, आरोग्य यांवर उपाय शोधत बसली, आणि पुढे टीसीएसच्या पाठिंब्याने डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर उभं राहिलं. आता पुन्हा सिंहस्थ तोंडावर आहे. मुक्काम, पूजासाहित्य, गाइड, जेवण यांची पानं शेकड्यांनी उघडतील. वर्षभराचा धंदा समजून त्यात कर्ज काढून उतरू नये. ती जत्रा आहे.

व्हिडिओच्या धंद्याबद्दल एकच उदाहरण पुरे. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींनी २०२०मध्ये नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनल सुरू केलं. चूल, फोन आणि हाताची चव. लाखोंनी लोक जोडले गेले, पुढे आजींच्या मसाल्यांनाही मागणी आली. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात चॅनल चोरीला गेलं, आणि परत मिळेपर्यंत आजींच्या हातात काहीच नव्हतं. आपण दुसऱ्या कंपनीच्या जागेत बसलो आहोत, हे घाटावरच्या बाजारात जसं रोज पावती फाडताना कळतं, तसं इथे कळत नाही. म्हणून गिऱ्हाइकांचे नंबर एका वहीत उतरवून ठेवावेत. खरोखरच्या, पानांच्या वहीत.

कोर्सवाल्यांचा विषय थोडक्यात संपवतो. घरबसल्या डेटा एंट्री, व्हिडिओला लाइक करून कमाई, ड्रॉपशिपिंगचं गुपित, यांत पैसे आधी मागितले गेले की समजावं, धंदा सुरू झाला आहे आणि गिऱ्हाईक तुम्ही आहात. उद्यम नोंदणी १ जुलै २०२०पासून आहे, आधारवर होते आणि पूर्ण फुकट आहे; तरी हुबेहूब दिसणारी पानं तिच्यासाठी हजार-दोन हजार उकळतात. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. लाजेने दोन दिवस थांबलं की पैसा खात्याखात्यांतून पसार होतो.

कर्जाचं काय? २०१५पासूनच्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात पन्नास हजारांपर्यंत तारणाविना कर्ज मिळतं. पण बँकेत काय घेऊन जायचं, हे त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या एका माणसाकडून शिकावं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२मध्ये लंडनला जायला आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकली, तिथे कॅमेरा विकत घेतला, आणि परतल्यावर भांडवलदारांपुढे हात पसरण्याआधी वाटाण्याचा एक दाणा पेरला. तो रोज थोडा थोडा चित्रित करत, रोप वाढतानाची छोटी फिल्म तयार केली. ती पाहून पैसा सुटला. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले, फिल्म धुतली, सगळ्या युनिटचा स्वयंपाकही केला. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३मध्ये पडद्यावर आला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला आणलं. बँकेच्या साहेबासमोर प्रोजेक्ट रिपोर्टची जाड फाइल ठेवण्यापेक्षा, तीन महिन्यांत खरोखर झालेल्या तीस विक्र्यांची वही ठेवावी. आपला वाटाणा तोच.

सरस्वतीबाईंचं नाव सहज आलेलं नाही. ऑनलाइन दुकान शून्यात चालतं असं ज्याला दिसतं, त्याला घरातला कुणीतरी दिसत नसतो. पॅकिंग करणारी आई, पार्सल टाकायला गाडीवर जाणारा भाऊ, दीड वर्ष पगारातून घर चालवणारी बायको. त्यांची मजुरी हिशेबात लिहा. महिन्याला आकडा टाका, मग द्या किंवा नका देऊ. त्या आकड्यानंतरही काही उरत असेल तर धंदा आहे, नाहीतर तो छंद आहे, आणि छंद म्हणून तो चांगलाच आहे.

उरले नातेवाईक. नव्या दुकानाची पहिली गिऱ्हाइकं तेच असतात, आणि पहिली उधारीही त्यांचीच. ‘घरचंच आहे ना’ म्हणत दोन पुडे फुकट उचलणाऱ्या मावशी-काका मंडळींनी जितकी दुकानं बसवली, तितकी कुठल्या कंपनीने बसवली नसतील. तेव्हा हा लेख वाचणाऱ्या, स्वतः धंदा न करणाऱ्या मंडळींना एक विनंती. पुढच्या वेळी भाचीच्या स्टेटसवर लाडवांचा फोटो दिसला तर नुसता अंगठा दाखवू नका. अर्धा किलो मागवा, सवलत मागू नका, आणि पैसे लगेच पाठवा.